विश्वासू, एकनिष्ठ की इमानी? मायच्या कबरीवर कोणता शब्द कोरावा

जालन्याचा थोरला

सगळ्यांना सलाम. एक शब्द अडलाय.

माय जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होतंय. कबर बांधून झाली, दगड बसवायचा राहिलाय. काळा कडप्पा घेतलाय. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो, त्यामुळं वचन आटोपशीर पाहिजे. घरात ठरलं होतं ते बायबलातल्या प्रकटीकरण 2:10 मधलं, ‘मरेपर्यंत तू विश्वासू राहा’. पुढचं ‘जीवनाचा मुकुट देईन’ ते गाळायचं, जागा नाही.

धाकट्यानं मोडता घातला. म्हणतो, विश्वासू हा शब्द मालकानं नोकराला लावायचा आहे. विश्वासू गडी, विश्वासू ड्रायव्हर, ‘घरकामासाठी विश्वासू बाई पाहिजे’. मायनं जन्मभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासली, आता दगडावर पण तेच का? त्याला ‘एकनिष्ठ’ पाहिजे. बहिणीला ‘निष्ठावंत’. मी म्हटलं, बाई, हल्ली निष्ठावंत लिहिलं तर लोक विचारतील कोणत्या गटाची.

गंमत अशी की माय यातला एकही शब्द बोलत नव्हती. तिचा शब्द इमान. ‘देवासंगं इमानानं राहावं’, ‘मपलं इमान मपल्यापाशी’. मग ‘इमानी’ लिहावं म्हणलं तर आमच्या घरातून आवाज आला, ते वाचून कुत्रा आठवतो.

देवाशी धरून राहणाऱ्या माणसाला मराठीत नेमकं काय म्हणावं? जाणकारांनी सांगावं.

परभणीचे निवृत्त मास्तर

प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

नव्या करारात मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तॉस’. त्याला दोन अंगं आहेत: ज्याच्यावर विसंबता येतं तो, आणि जो दुसऱ्यावर विसंबतो तो. एकाच शब्दात दोन्ही. मराठीत आपण त्याची वाटणी केली. विसंबतो तो ‘विश्वासणारा’, ज्याच्यावर विसंबावं तो ‘विश्वासू’. वाटणी झाली की भावकी दुरावते तसं या शब्दांचंही झालं. आता ‘विश्वास ठेवणं’ हे रविवारचं काम आणि ‘विश्वासू असणं’ हे सोमवारपासूनचं, असं वाटायला लागतं.

घडणही मजेशीर आहे. श्रद्धाळू म्हणजे ज्याच्या मनात श्रद्धा आहे तो. लाजाळू म्हणजे जो लाजतो तो. त्या चालीनं विश्वासू म्हणजे विश्वास टाकणारा व्हायला हवा होता. पण वापरात तो उलटा वळला, ज्याच्यावर लोक विश्वास टाकतात तो झाला. धाकट्या भावांना या शब्दात मालक दिसतो, तो इथून येतो. ‘विश्वासू’ म्हटलं की पारखणारा दुसरा कुणीतरी समोर उभा असतोच.

आता इमान. जुन्या कराराची भाषा हिब्रू. तिच्यात अ-म-न हा धातू, अर्थ पक्कं असणं, न हलणं. त्यातून ‘एमुना’ म्हणजे निष्ठा, विश्वासूपणा. ‘एमेत’ म्हणजे सत्य. आणि प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी आपण म्हणतो ते ‘आमेन’. अरबी ही हिब्रूची बहीण. तिच्यात त्याच धातूचे ईमान, अमीन, अमानत. अमानतची मराठीत अनामत झाली, अक्षरांनी जागा बदलल्या इतकंच. निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते तीच. म्हणजे आपली माय ‘इमान’ म्हणत होती आणि प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणत होती, तेव्हा ती एकाच कुळातले दोन शब्द बोलत होती.

आपल्या भागात हे शब्द घरचे का वाटतात ते सांगायला नको. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, 1884 पासून कारभार उर्दूत होता. माझे वडील शाळेत उर्दू शिकले आणि घरी अभंग म्हणायचे. ‘इमान’ त्यांना परका वाटला नाही कधी.

उदगीरची ताई

मास्तर, वाटणीचं पटलं. त्यात आमच्याकडची एक भर घाला. आमच्या प्रार्थनासभांत ‘विश्वासी’ हा शब्द चालतो. ‘ते विश्वासी आहेत का हो?’ म्हणजे ते आपल्यातले आहेत का. जुनी मिशनची घरं ‘ख्रिस्ती’ म्हणतात, ‘मंडळीचे सभासद’ म्हणतात, मंडळी म्हणजे चर्च. नव्या मंडळ्या विश्वासी. आणि मग असं होतं की एखादा माणूस पक्का विश्वासी असतो पण उधारीला अजिबात विश्वासू नसतो! आमच्या किराणावाल्याचा हा लाडका विनोद आहे, अन् दर वेळी हसू येत नाही.

घसरलेल्याला आम्ही बेइमान नाही म्हणत. ‘थंड पडलाय’ म्हणतात, नाहीतर ‘मागं गेलाय’. मला हे शब्द आवडतात. थंड पडलेला चुलीजवळ आणला की परत तापतो. बेइमान म्हटला की दारच बंद.

लातूरचा वात्रट

विश्वास तर पानिपतात गेला. आता दगडावर काय लिहिता!

परभणीचे निवृत्त मास्तर

गेला तो विश्वासराव, 1761 साली. इथं एका मायच्या कबरीची गोष्ट चालू आहे बाळ.

लातूरचा वात्रट

चुकलं मास्तर. पण भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतो ना आपण, म्हणून म्हणलं. विश्वास, भरवसा या शब्दांमागं मराठीत कायम शंका उभी असते. ‘इमान’ची तशी टिंगल मी ऐकली नाही.

बीडकडचा पाळक

जालन्याच्या भावाला सांत्वनाचा सलाम. शब्दाच्या आधी वचन कुणाला लिहिलं होतं ते पाहू, मग शब्दाचं वजन कळेल.

हे पत्र स्मुर्णा गावच्या मंडळीला आहे. आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. मंडळी गरीब, लोकांची निंदा सोसणारी, आणि पुढं तुरुंगात पडायची वेळ येणार असं त्यांना सांगितलंय. मग येतं ‘मरेपर्यंत विश्वासू राहा’. आपण मराठीत ‘मरेपर्यंत’ वाचतो ते मुदत म्हणून: मरेपर्यंत पेन्शन, मरेपर्यंत जन्मठेप. ग्रीक शब्दांत मुदतीपेक्षा टोक आहे. मरण आलं तरी, जिवावर बेतलं तरी. म्हातारपणी शांतपणे डोळे मिटणाऱ्यालाही ते लागू पडतंच, पण ऐकणाऱ्या पहिल्या लोकांच्या डोळ्यापुढं तलवार होती.

त्याच गावचा पुढचा बिशप पॉलिकार्प. साधारण इ.स. 155 च्या सुमारास त्याला धरून आखाड्यात उभं केलं. ख्रिस्ताला शिव्या दे, सोडून देतो, म्हणाले. त्याचं उत्तर प्रसिद्ध आहे: 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्यानं माझं काही वाईट केलं नाही, मग माझ्या राजाची निंदा मी कशी करू? यात एक गोष्ट बघा. तो ‘मी किती निष्ठावान आहे’ असं म्हणत नाही. त्यानं माझं वाईट केलं नाही, असं म्हणतो. म्हणजे आधी देव विश्वासू ठरला, मग माणूस. प्रेषित पौलही आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, तेच लिहितो, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो.

मुकुटही राजाचा नव्हे बरं का. तिथला शब्द खेळात जिंकणाऱ्याच्या डोक्यावरच्या पानांच्या वेटोळ्याचा आहे. आपल्याकडं ‘मुकुट’ म्हटलं की नवरदेव आठवतो, ते सोडा.

आता धाकट्या भावाच्या ‘नोकर’ या हरकतीबद्दल. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 25 व्या अध्यायातल्या दाखल्यात, धन्यानं ज्याला ‘भल्या व विश्वासू दासा’ म्हटलं त्याच्या हातात किती रक्कम होती? पाच तलांत. एक तलांत म्हणजे 6000 दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. गुणाकार करा: 30,000 दिवसांची मजुरी. आपल्या तालुक्यातला सालगडी पाडव्याला साल धरतो, पाडव्याला सोडतो. असे किती पाडवे झाले? हा भांडी घासणारा नोकर राहिला नाही, घराची तिजोरी ज्याच्या हाती दिली तो कारभारी झाला. आपल्याकडं बायका नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणतात, त्यात जेवढा मान आहे तेवढा तरी धरा.

अंबडची सून

पाळकसाहेब, मान धरला. पण दादा, भांडी घासणाऱ्या बाईला तिजोरीच्या मोठेपणानं मोठं करायची गरज काय? भांडी घासताना हात मारला नाही, हे लहान आहे का?

मी ‘एकनिष्ठ’च्या बाजूनं बोलते. माझं माहेर ख्रिस्ती नाही. भावाच्या लेकराचं जावळ असतं, जत्रा असते, नैवेद्याचं ताट पुढं येतं. जायचं की नाही, खायचं की नाही, कुठं हात जोडायचे आणि कुठं नुसतं उभं राहायचं, हे मला दर वर्षी नव्यानं ठरवावं लागतं. भावाचं मन मोडायचं नाही आणि देवाचंही. ‘विश्वासू’ या शब्दाला हा पेच माहीतच नाही, कारण विश्वासू माणूस चार मालकांचा एकाच वेळी विश्वासू असू शकतो. एकनिष्ठ नाही असू शकत. होशेय संदेष्ट्यानं देव आणि लोक यांचं नातं नवरा-बायकोचं म्हणून दाखवलं, तिथं एकनिष्ठच बसतं.

परभणीचे निवृत्त मास्तर

सूनबाई, फार नेमकं बोललात. फक्त एक पाहा, ‘एकनिष्ठ’मध्ये कुंपण दिसतं, चाल दिसत नाही. कुणाकडं जात नाही ते कळतं. कसा टिकला ते कळत नाही.

चालीसाठी एक जागा दाखवतो. एमुना हा शब्द बायबलात सुरुवातीलाच येतो तो निर्गमाच्या 17 व्या अध्यायात. अमालेक्यांशी लढाई चालू आहे, इस्राएल लोकांचा पुढारी मोशे टेकडीवर हात वर करून उभा आहे. हात वर तोवर इस्राएलाची सरशी, खाली आले की शत्रूची. मोशेचे हात भरून आले. मग त्याला बसायला धोंडा दिला, अहरोन आणि हूर यांनी दोन्हीकडून हात धरले, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले. ते ‘स्थिर’ म्हणजे मूळात एमुना. पुढं स्तोत्रांत देवाबद्दल तोच शब्द येतो, तिथं मराठी भाषांतरात ‘सत्यता’ झाला आहे.

म्हणजे या शब्दाचं मूळ चित्र मनातल्या भावनेचं नाही, अवघडलेल्या दंडांचं आहे. आणि ते दंड एकट्याचे नाहीत.

उदगीरची ताई

मास्तर, हे मी रविवारी संडे स्कूलच्या पोरांना करून दाखवणार. एकाला हात वर करून उभा करते, किती वेळ टिकतो बघू.

एक वाचक, संभाजीनगर

इमान हा मुसलमानी शब्द नाही का? ख्रिस्ती कबरीवर बरा दिसेल का?

परभणीचे निवृत्त मास्तर

मग बायबलाच्या मुखपृष्ठावरचा ‘करार’ही काढावा लागेल. तोही अरबीच. जुना करार, नवा करार म्हणताना कुणाला काही वाटत नाही, कारण तो शब्द आता आपल्या जिभेचा झाला. ‘इमान’ तर त्याच्याहून जास्त.

जालन्याचा थोरला

सगळं वाचून काढलं. धाकट्यालाही वाचून दाखवलं. हाताचं ऐकून तो गप्प झाला, मग त्यालाच एक आठवलं. त्यानं पाहिलेलं नाही, मायकडून ऐकलेलं आहे. मी तेव्हा लहान होतो, पण डबा मला आठवतो.

72 च्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. घरी ज्वारी नव्हती, रेशनवर तांबडी मिलो मिळायची, तिच्या भाकरी मोडायच्या. दळायला घ्यायच्या आधी माय एक मूठ काढून पत्र्याच्या डब्यात टाकायची, देवाची मूठ म्हणून. महिनाअखेरी डबा मंडळीत नेऊन द्यायची, तिथून तो आमच्याहून गरीब घरी जायचा. आमच्याहून गरीब कोण होतं मला समजायचं नाही. बापानं एकदा विचारलं, पोरं उपाशी, अन् ही मूठ कशाला? ती म्हणाली, ‘ती मूठ मपली नाहीच. अनामत हाय.’

हा शब्द तिनं वापरला होता हे मास्तरांचं वाचेपर्यंत माझ्या डोक्यातही नव्हतं. नंतर बरी ज्वारी आली, नंतर गहू आला, ती गेली तोवर मूठ चालू होती. शेवटी हात थरथरायचे तर सून मनगट धरायची, मूठ तीच भरायची.

बीडकडचा पाळक

पौल तीमथ्याला लिहितो, तुझ्या स्वाधीन केलेली ठेव सांभाळ. ठेव म्हणजेच अनामत. भाऊ, तुमच्या मायला हे वचन कुणी शिकवलं होतं?

जालन्याचा थोरला

तिला वाचता येत नव्हतं. ऐकलं असंल कुठं उपासनेत.

अंबडची सून

मग ठरलं काय?

जालन्याचा थोरला

धाकटा म्हणाला, विश्वासूच राहू दे, नोकराचा वाटत नाही आता. बहीण म्हणाली, पण तिचा शब्द कुठंतरी यायलाच पाहिजे. म्हणून वर वचन, खाली तिच्या नावापुढं जन्म-मृत्यूच्या तारखा, आणि तळाला लहान अक्षरात ‘इमानानं राहिली’. कुत्र्याची हरकत मागं घेण्यात आली आहे. अक्षरं वाढली, दगडवाला खूश.

काल कच्चं लिहून दाखवायला बोलावलं होतं. खडूनं ‘विश्वासु’ काढलंय, ऱ्हस्व. मी म्हटलं दीर्घ पाहिजे. तो म्हणतो दीर्घाची शेपटी खालच्या ओळीत घुसते, आणि जुन्या कबरींवर ऱ्हस्वच आहे, जाऊन बघा. मास्तर, नियम काय आहे?

परभणीचे निवृत्त मास्तर

शेवटचा उकार दीर्घच. जुन्या कबरी जुन्या लेखनाच्या. त्याला म्हणावं, ओळ बोटभर खाली घे.