रूम पार्टनरला रस्त्यात घाण बोलतात, मैत्रिणींनी नेमकं काय करावं?

संत्रानगरी: नागपूरच्या धरमपेठेत चौघी रूम करून राहतो. एक नागालँडची, नागा. मेसवरून परतताना पानठेल्यावरचे पोट्टे तिला 'चिंकी' म्हणतात, वरून 'रेट काय?' विचारतात. दोघी म्हणतो दुर्लक्ष कर, तिसरी म्हणते आजच ठाण्यात चल. हे कायद्यात बसतं का?

काळा_कोट: बसतं. 'रेट काय' म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 79, तीन वर्षांपर्यंत कैद. सारखे मागे येत असतील तर 78. नुसत्या वंशावरून हिणवण्याला मात्र वेगळं कलम नाही. ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारींसाठी केंद्रानं नेमलेल्या बेझबरुआ समितीनं 2014 मध्ये ते सुचवलं होतं, नव्या संहितेतही ते आलं नाही.

ती अनुसूचित जमातीची असेल तर अॅट्रॉसिटी कायदा बघा. जाहीर अपमानाच्या कलमाला बाहेरचे लोक हजर असावे लागतात; नुसत्या मैत्रिणी असून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये म्हटलंय. म्हणजे शेजारचा भाजीवाला बोलायला तयार आहे का, ते आधी बघा. लैंगिक शेरेबाजीच्या 3(1)(डब्ल्यू) ला ही अट नाही, पण ती त्या जमातीची आहे हे बोलणाऱ्याला माहीत होतं, हे दाखवावं लागतं. आणि 'ती दुसऱ्या राज्याची, तिला हा कायदा नाही' असं कोणी सांगितलं तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा 2023 चा निकाल दाखवा.

ठाणे_अंमलदार_नको: तक्रार बिघडते ती लिहिताना. 'अपशब्द वापरले' एवढंच लिहिलं की केस पोकळ. जे बोलले तेच शब्द, त्याच भाषेत, अवतरणात. तारीख, वेळ, कोणता ठेला, गाडीचा नंबर. त्याच रात्री फोनमध्ये टिपून ठेवा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जप्त करा अशी मागणी तक्रारीतच घाला.

हद्द कोणतीही असो, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. 79 मध्ये जबाब महिला अधिकाऱ्यानंच लिहायचा असतो. मराठीत लिहिलेलं तिला हिंदीत वाचून दाखवायला लावा, मगच सही. प्रत फुकट मिळते.

रूम_नंबर_४: सगळे कलमांत घुसले राव! तिला काय पाहिजे, ते विचारलं का कोणी? तक्रार तिची आहे, घाई तुमची. ती तयार नसेल तर फक्त नोंद ठेवा, मेसला जोडीनं जा. 'मजाक करत असतील' हे वाक्य बंद. आणि रूममध्येच तिला 'मोमो' म्हणत असाल, किंवा तिच्या अखुनीच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या) वासानं नाकं मुरडत असाल, तर पानठेल्याआधी ते आवरा. आपली सुकट काय अत्तर मारते का?

संत्रानगरी: 'मोमो' म्हणतो. आजपासून नाही. ठाण्यानं घेतलंच नाही तर?

काळा_कोट: लेखी तक्रार पोस्टानं त्या परिमंडळाच्या पोलिस उपायुक्तांना, पोचपावती जपून. तरीही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन करा. व्हिडिओ इन्स्टावर टाकू नका, मूळ फाइल तशीच ठेवा.