जर्मनीतलं एक वर्ष, सहकुटुंब : रोजचं कसं चाललं होतं?

ऑफिसनं किंवा विद्यापीठानं वर्षभरासाठी जर्मनीला पाठवलं आणि सगळं बिऱ्हाड सोबत नेलं, असे आपल्यात बरेच जण आहेत. प्रवासवर्णनं पुष्कळ वाचली. मला रोजचं वाचायचंय : मुलं शाळेत कशी रुळली, घरची कामं कशी वाटून घेतलीत, कुठे अडलंत. सुरुवात मी करते.

आम्ही श्टुटगार्टला होतो, मुलगी तिसरीत. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, तेच ते आन्मेल्डुंग. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद हवा. तो घर ठरवतानाच मागून घ्या, पुढची बरीच कामं त्याच नोंदणीवर अडून राहतात. शाळा सक्तीची आहे. वर्षभराचाच प्रश्न आहे, घरीच शिकवू, असं चालत नाही. मार्च २०२० पासून गोवराची लस घेतल्याचा पुरावाही शाळेला द्यावा लागतो, म्हणून लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेतच ठेवा.

मुलगी आधी भाषा शिकवणाऱ्या तयारीच्या वर्गात बसायची. सुरुवातीला घरी आली की गप्प. विचारलं तरी मान हलवायची, बस्स. आमच्या इमारतीत केरवोखची पद्धत होती : दाराच्या मुठीला पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना आपण झाडायचा, पुसायचा, मग पाटी शेजारच्या दाराला लावायची. आमची पाळी होती तेव्हा पोरगी झाडू घेऊन बाहेर गेली आणि खालच्या मजल्यावरच्या आजींशी बोलायला लागली. मी दाराआडून ऐकत होते. ती चुकली की आजी तेच वाक्य नीट करून म्हणायच्या, ही ते पुन्हा म्हणायची, आणि एकेक पायरी खाली सरकत दोघींच्या गप्पा चाललेल्या. इतकं हायसं मला वर्षभरात कधी वाटलं नाही.

* * *

म्युनिक. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे दूध, भाजी शनिवारीच भरायची. आधी चिडचिड व्हायची, मग तो दिवस फक्त आमचा झाला. सकाळी पोहण्याचा तलाव ठरलेला. मुलाला झेपफेर्डशेनचा, म्हणजे नव्यानं पोहायला शिकलेल्या मुलांना मिळणारा बिल्ला हवा होता : काठावरून उडी, न थांबता २५ मीटर पोहणं आणि खांद्याइतक्या खोल पाण्याच्या तळातून वस्तू हातानं वर काढणं. रिंग हातात धरून तो वर आला तेव्हा अनोळखी आयाबापांनीही टाळ्या वाजवल्या. आपल्या पोरांना पोहणं लहान वयातच शिकवायला हवं, असं माझं ठाम मत झालंय.

* * *

जोडीदाराबरोबर जाणाऱ्या बायकांसाठी लिहिते. बर्लिनला डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. नवरा कामावर, मुलगा शाळेत, आणि आईला फोन करावा तर हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. मला निवांतपणा मिळेपर्यंत ती झोपलेली असायची. फार एकटं वाटायचं. फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे तिथल्या प्रौढ शिक्षण केंद्रात, भाषेचा वर्ग लावला आणि तिथे मैत्रिणी मिळाल्या. सीरियाची एक, युक्रेनची एक. मोडक्या जर्मनमध्ये आम्ही मुलांच्या तापापासून सासूपर्यंत सगळं बोलायचो. भाषा येईपर्यंत थांबू नका, पहिल्याच महिन्यात वर्ग लावा.

* * *

पैशांचं थोडक्यात. रेडिओ-टीव्हीचं शुल्क घरामागे महिना १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. घर सोडायची नोटीस साधारणपणे तीन महिने आधी, लेखी. वर्षाचाच मुक्काम असेल तर ती तारीख गेल्या गेल्या कॅलेंडरवर लिहा.

* * *

आम्ही अजून इथेच आहोत, हँबर्गला, जूनमध्ये परत. मुलगी इथे चौथीत आहे. वर्ष जर्मनीतलं आणि इयत्ता भारतातली, हे परतल्यावर कुणी कसं जुळवलंत? मराठी वाचन सुटलंय, त्याचीच मला जास्त काळजी आहे. रोज झोपताना एक पान मोठ्यानं वाचून घेतो, पण जोडाक्षर आलं की अडते. ज्यांची मुलं यातून गेलीत त्यांनी जरूर लिहा.