जिन्यातल्या ट्यूबसाठी इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट कोणता घ्यावा?

जिन्यातल्या पट्टीत ३६ वॅटच्या दोन ट्यूब आहेत, प्रत्येकीला वेगळा लोखंडी चोक आणि स्टार्टर. चोक सारखे गुणगुणतात, ट्यूब चार-पाचदा लुकलुकून मग पेटते आणि टोकं काळी पडलीत. माणसाची चाहूल लागली की दिवा लावणारा सेन्सर आहे, त्यामुळे चालू-बंद दिवसभर सुरूच.

दोन्ही चोक काढून त्यांचं काम करणारा एकच इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट टाकायचाय. त्यात इन्स्टंट, रॅपिड आणि प्रोग्राम्ड स्टार्ट असे प्रकार दिसले. इन्स्टंट लगेच उजेड देईल म्हणून तोच घ्यावासा वाटतोय. घेऊ का? स्टार्टर ठेवायचे की काढायचे?

प्रतिसाद
जिन्यात इन्स्टंट अजिबात नको. तो फिलामेंट (ट्यूबच्या टोकांतली तार) न तापवता एकदम जास्त व्होल्टेज देऊन ट्यूब पेटवतो आणि दर वेळी फिलामेंटवरचा लेप थोडा उडतो. टोकं काळी होतात ती या लेपामुळेच. एकदा लावला की तासन्‌तास चालणाऱ्या दिव्याला इन्स्टंट उत्तम, वीजही थोडी कमी खातो. रॅपिड फिलामेंट तापवतो खरा, पण व्होल्टेजही त्याच वेळी देतो. प्रोग्राम्ड आधी नीट तापवतो, मगच पेटवतो. उजेडाला सेकंदभर उशीर होईल, तेवढा चालवून घ्या. सेन्सर असेल तिथे हाच.

स्टार्टर काढा. चोक असताना स्टार्टरमधली पत्ती जुळते, फिलामेंट तापतं, पत्ती सुटली की चोक झटका देतो आणि ट्यूब पेटते. ते काम आता बॅलास्टच करेल. तो २० हजार हर्ट्झच्या वर चालतो, म्हणून गुणगुणही जाईल.

धागाकर्ता
म्हणजे प्रोग्राम्डच. पण एक ट्यूब गेली की दुसरीही विझेल का? जिना आहे, अंधार नको.

प्रतिसाद
ते जोडणीवर आहे. बॅलास्टवर आकृती छापलेली असते. ट्यूब सिरीजमध्ये (एकामागोमाग जोडलेल्या) असतील तर दोन्ही जातात, पॅरलल (वेगवेगळ्या जोडलेल्या) असतील तर दुसरी चालू राहते. प्रोग्राम्डमध्ये दोन्ही मिळतात, तेव्हा आकृती बघूनच घ्या. ‘२ × ३६ वॅट, टी-८’ (टी-८ म्हणजे ट्यूबची जाडी) हेही जुळलं पाहिजे. वायरिंग पूर्ण बदलतं, जुन्या तारांवर तसंच जोडू नका. मेन बंद करून काम करा किंवा वायरमनला बोलवा. आणि ट्यूबही नव्याच घाला. झिजलेली ट्यूब दिसली की बरेच इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट स्वतःहून बंद होतात, मग लोक बॅलास्टच खराब निघाला म्हणून परत करायला जातात.