अनुभव धागा: तुमच्या मिशनच्या शाळेत घंटा कोण मारायचं?

जास्वंद

लेकीच्या पाचवीच्या अ‍ॅडमिशनसाठी एका शाळेचं प्रॉस्पेक्टस आणलंय. एकदम गुळगुळीत कागद, पहिल्याच पानावर जाड अक्षरात 'श्रद्धा, अभ्यास, नेतृत्व'. मी गवार मोडत बसले होते, तशीच हसायला लागले. कारण आमच्या वसईच्या चर्चच्या मराठी शाळेत नेतृत्व म्हणजे आंब्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी दांडा. ज्याच्या हातात दांडा तो राजा.

माझी आई पहाटेच्या लोकलने दादरला फुलं घेऊन जायची, धाकट्याचं आवरून निघेपर्यंत मला रोज उशीर. सहावीत असताना हेडमिस्ट्रेस सिस्टरनी मला ऑफिसात बोलावलं. वाटलं आता पट्टी. तर म्हणाल्या उद्यापासून घंटा तू मारायचीस. आता तुम्हाला वाटेल की मग मी सुधारले वगैरे. दोन आठवडे सुधारले होते. मग परत उशीर, आणि घंटावालीच उशिरा म्हणजे अख्खी शाळाच उशिरा :) पंधराव्या दिवशी दांडा काढून घेतला आणि एका शिस्तीच्या मुलीला दिला जी आता बँकेत आहे.

पण त्या पंधरा दिवसांत एक कळलं. दुपारी १२ ला शेजारच्या चर्चची घंटा व्हायची, मरियेची प्रार्थना, सगळे उभे. ती पूर्ण थांबेपर्यंत आपली घंटा मारायची नाही हा नियम. मी हिंदू, मला प्रार्थना येत नव्हती, मी नुसते ठोके मोजायचे. अजून १२ वाजले की हात थांबतो.

तर लिहा तुमचं. मुंबईच्या मोठ्या नावाजलेल्या शाळा नकोत, त्यांच्यावर बरंच लिहून झालंय. गावाकडच्या, तालुक्याच्या, चर्चच्या मागच्या शाळा.

सुकेळीवाला

अरे वा वसई!! आमच्याकडे धर्मशिक्षणाचा तास असायचा तेव्हा वर्गाचे दोन भाग. कॅथलिक पोरं आत, बाकीची नीतिशिक्षणाला बाहेर वडाखाली. बाहेर बाई गोष्टी सांगायच्या, आत आम्ही प्रश्नोत्तरं पाठ. देवाने आपल्याला का निर्माण केले, सांग. मला कायम वाटायचं की आपण हिंदू असतो तर किती बरं झालं असतं, निदान मंगळवारी तरी.

आणि निबंध. 'माझा आदर्श' आला की अख्खा वर्ग संत गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, १५९७ ला नागासाकीत क्रुसावर मारला, १८६२ ला संत जाहीर झाला, एवढं झोपेतही येतं. सरांनी शेवटी फळ्यावर लिहिलं, या वर्षी गार्सिया सोडून. तर सगळ्यांनी शिवाजी महाराज लिहिले.

एक_कप_चहा

पुण्यात जेझुइटांच्या (कॅथलिक फादरांचा एक संघ) शाळेत होतो (गाव नाही पण चालवून घ्या). तिथे वहीच्या प्रत्येक पानावर वर ए.एम.डी.जी. लिहायची सवय. लॅटिन आहे, देवाच्या अधिक गौरवासाठी असा अर्थ. अर्थ मला कॉलेजात कळला, तोपर्यंत मला वाटायचं शाळेचा कोड आहे. झालं काय की दहावीच्या बोर्डाला पहिल्या पेपरला सवयीने उत्तरपत्रिकेवर वर लिहून टाकलं. सुपरवायझर बाई दुसऱ्या शाळेच्या, त्यांनी बघितलं आणि हे काय, कुणाला खूण आहे का ही?? ओळख पटेल असं काही लिहायचं नसतं ना उत्तरपत्रिकेवर. मी रडकुंडीला, म्हटलं बाई देवाचं आहे, बाई म्हणाल्या देव काय बोर्डात आहे का. खोडायला लावलं, बाजूला त्यांची सही. मराठीचा पेपर होता, ७१ पडले.

जास्वंद

@एक_कप_चहा मेले हसून. आम्ही सगळे वर 'श्री' लिहायचो, शाळेतल्या कॅथलिक मुलीपण लिहायच्या. सिस्टर काही बोलल्या नाहीत कधी.

राजगिरा

श्री लिहिणं बोर्डात चालतं का पण? माझा मुलगा यंदा दहावीला आहे, सिरीयसली विचारतेय

एक_कप_चहा

नका लिहू देऊ ताई, मनात म्हणू दे.

नगरी_झटका

आमचं म्हणजे राहुरीकडं. बोर्डिंगला होतो सहा वर्षं. सकाळी पाचला उठवायचे, मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना, मग झाडलोट, मग अभ्यास, मग भाकरी. फादर परदेशी, जर्मन, पण मराठी बोलायचे अस्सल नगरी, "काय रं कुठं हुंदडतो". गावातले म्हातारे त्यांच्याशी बोलताना जास्त शुद्ध बोलायचे आणि फादर जास्त गावठी. त्यांचं एकच, गणित आलं पाहिजे. मिस्सा चुकली तर रागवायचे, गणित चुकलं तर जेवण झाल्यावर थांबवून परत सोडवून घ्यायचे. यावरून काय ते ओळखा.

आता एक गोष्ट लिहितो जी कुणी लिहीत नाही. आमच्यातले बहुतेक महार-मांग घरांतले, आजोबांच्या वेळी चर्चमध्ये आलेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्याच, पुढं १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती नाहीत ते नाहीतच. आपल्या राज्यात ओबीसीत घातलंय तेवढंच. म्हणून दाखल्यावर काय लिहायचं हा प्रश्न घरोघरी. एकाच घरात मोठ्या भावाच्या दाखल्यावर हिंदू महार आणि धाकट्याच्या दाखल्यावर ख्रिश्चन असं मी पाहिलंय, आणि दोघं रविवारी एकाच बाकावर. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी वडील आणि फादर ऑफिसात तासभर बसले होते. मी बाहेर. आत काय बोलणं झालं ते वडिलांनी कधीच सांगितलं नाही. माझ्या दाखल्यावर ख्रिश्चन आहे. पुढं नोकरीला त्याची किंमत मोजली, ते जाऊ द्या.

नेतृत्व म्हणाल तर मी भांडारप्रमुख होतो, म्हणजे ज्वारीच्या कोठीची किल्ली माझ्याकडं. त्यापेक्षा मोठं पद मला पुढं कधी मिळालं नाही.

सुकेळीवाला

दादा 🙏 हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या वसईत हे आम्हाला माहीतच नसतं, आम्ही फक्त कुपारी की वडवळ (इथले ख्रिस्ती समाज) एवढंच भांडतो.

ऊसतोड_एक्सप्रेस

@नगरी_झटका हरेगावला जायचात का यात्रेला? मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या? आम्ही श्रीरामपूरचे, हिंदू, पण सप्टेंबरात आठवडाभर घरी पाहुणेच पाहुणे. माझी आज्जी नवस बोलायची तिथं.

नगरी_झटका

जायचो म्हणजे काय, बोर्डिंगची पोरं चालत. पाऊस असायचाच. परत येताना पायाला चिखल आणि खिशात शेव. कोणत्या साली होता तुम्ही?

ऊसतोड_एक्सप्रेस

८४ ते ९०. साखर कारखान्याजवळ घर. शेव कुणाची ते मला माहितेय :) फादर बाखरांना पाहिलंत का कधी? स्वित्झर्लंडहून आलेले, पाणलोटाचं केवढं काम केलं आपल्या जिल्ह्यात, २०२१ ला गेले.

नगरी_झटका

एकदा, लांबून. बांधावर उभे होते, पायात साध्या चपला. व्यक्तिगत निरोप करतो तुम्हाला.

स्पष्ट_बोलतो

सगळं गोड गोड चाललंय म्हणून एक कडू. आमच्या तालुक्यातल्या एका कॉन्व्हेंटमध्ये (नाव घेत नाही, बहीण अजून तिथे शिकवते) मेंदी काढली म्हणून माझ्या बहिणीला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं, मामाच्या लग्नाची मेंदी. आणि मराठीत बोललं की २ रुपये दंड. घरी आई म्हणायची शिस्त आहे हो त्यांची. मेंदीने कसली शिस्त बिघडते? श्रद्धा फक्त त्यांचीच का? राग गेलेला नाही माझा.

जास्वंद

@स्पष्ट_बोलतो राग बरोबरच आहे तुमचा. आमची मराठी माध्यमाची होती त्यामुळे दंडबिंड नव्हता, उलट सिस्टर मंगलोरच्या, त्याच आमच्याकडून मराठी शिकायच्या. पण शेजारीच त्यांची इंग्लिश मिडियम निघाली तिथे टिकली काढून ठेवायला लावायचे असं ऐकलंय.

निवृत्त_बाई

नमस्कार. मी ३१ वर्षे अशाच एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवले. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. नेतृत्व हा शब्द वाचला म्हणून लिहिते.

मी स्वतः कॅथलिक, पण प्रापंचिक, म्हणजे संसारी. शाळेत ज्येष्ठता यादीत मी पहिली होते. मुख्याध्यापिका मात्र दर सहा-सात वर्षांनी नवीन सिस्टर, बदलून आलेल्या. घटनेच्या कलम ३० मुळे अल्पसंख्याक संस्थेला मुख्याध्यापक आपल्या पसंतीचा नेमता येतो, ज्येष्ठता आड येत नाही. कायद्याने यात चूक काहीच नाही, मी वकिलाला विचारले होते, तोही हसला. संस्था टिकवायची तर तो हक्क हवाच हे मलाही पटते. पण वेळापत्रक मी करायचे, इन्स्पेक्शनला फायली मी काढायच्या, पालक भांडायला आले की मला पुढे करायचे, आणि ऑफिसबाहेरच्या पाटीवर नाव दुसऱ्याचे. एक सिस्टर वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या होत्या. पहिल्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, बाई, संचमान्यता म्हणजे काय असते? मी सांगितले, पटसंख्येवरून शिक्षकांची पदे मंजूर होतात ती. मग त्यांनी ती वहीत लिहून घेतली. त्यांच्याशी मात्र माझे शेवटपर्यंत जमले, त्या अजून नाताळला फोन करतात.

शेवटची पाच वर्षे पटसंख्या राखण्यातच गेली. ज्या घरांतल्या तीन पिढ्या आमच्याकडे शिकल्या त्यांचीच नातवंडे इंग्लिश मिडियमच्या बसने आमच्या फाटकासमोरून जायची. मे महिन्यात आम्ही शिक्षिका घरोघर फिरायचो, पहिलीला मुले द्या म्हणून. एका घरात चहा मिळाला, मूल नाही. दोन शिक्षक अतिरिक्त ठरले.

कोथिंबीर_जुडी

बाई तुम्ही आम्हाला शिकवलंत का?? प्रयोगशाळेत सांगाड्याला टोपी घालणारी तुकडी आठवते का

निवृत्त_बाई

सांगाड्याला टोपी प्रत्येक तुकडीने घातली.

माडांची_सावली

आमच्या गोव्यात तर भाषेचाच घोळ. माझा दादा चर्चच्या शाळेत प्राथमिक इंग्रजीतून शिकला. १९९० ला सरकारने ठरवलं की प्राथमिकला अनुदान फक्त कोंकणी-मराठीला, मग चर्चच्या शाळा बहुतेक कोंकणी झाल्या, त्याच शाळेत मी पहिलीला गेले ती कोंकणीतून. देवनागरी कोंकणी हां. आणि चर्चमध्ये सगळं रोमी लिपीत. म्हणजे तीच भाषा शाळेत डोक्यावर रेघ मारून लिहायची आणि रविवारी ए बी सी डी त वाचायची. पाचवीत परत सगळं इंग्रजी. पाढे मी अजून मनात कोंकणीतच म्हणते आणि नवरा सावंतवाडीचा, तो हसतो. पै (वडील) खूप चिडायचे, म्हणायचे सरकार आणि बिशप मिळून माझ्या पोरीची प्रयोगशाळा केली. २०११ ला इंग्रजीलाही अनुदान सुरू झालं तेव्हा मी एम.ए. करत होते, घ्या.

लीडरशिप: मी ब्लू हाऊसची कॅप्टन. काम काय तर स्पोर्ट्स डेला निळी रिबीन शिवणे.

पाचवा_मजला

ऑफिसमधून लिहितोय घाईत. आम्ही देशस्थ घर, मी चर्चच्या शाळेत कारण जवळ होती. राखेच्या बुधवारी (ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस) सगळे रांगेत होते म्हणून मीही रांगेत, फादरनी कपाळाला राख लावली. घरी आलो तर आजीने पाहिलं, शंकराच्या देवळात गेला होतास का रे, गुणाचं लेकरू. मी हो म्हटलं. तिने लाडू दिला. पुढच्या वर्षी मी मुद्दाम दोनदा रांगेत उभा राहिलो, फादरनी ओळखलं, म्हणाले तुझी पापं जास्त दिसतात.

हिमगौरी

टोरांटोजवळ राहतो आम्ही. इथे ऑन्टारियोत कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात, आधी विश्वासच बसेना. धाकट्यांच्या शाळेला साधारण बाप्तिस्म्याचा दाखला लागतो पण हायस्कूलला कुणालाही घेतात, त्यामुळे आमच्या लेकाला तिथे घातलं, युनिफॉर्म असतो म्हणून सासूबाई खूश. ४० तास समाजसेवा केल्याशिवाय डिप्लोमा नाही, तो नियम सगळ्याच शाळांना. तो फूड बँकेत डबे लावतो, घरी ताट उचलत नाही.

जास्वंद

@हिमगौरी ताट कुणीच उचलत नाही गं.
@निवृत्त_बाई तुमचं दोनदा वाचलं. आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टरच्या शेजारी एक बाई कायम फायली घेऊन उभ्या असायच्या. मला इतकी वर्षं वाटायचं त्या क्लार्क.

सुकेळीवाला

२०२० ला आमच्या वसईचे लेखक फादर दिब्रिटो धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या मराठीच्या बाईंनी पेढे वाटले होते, रिटायर होऊन दहा वर्षं झालेली तरी शाळेत येऊन. त्यांना दम्याचा त्रास, दोन जिने चढून आल्या. अरे हो जास्वंद, तुमच्या आंब्याचा रूळ आहे का अजून? आमच्या शाळेतला चोरीला गेला, भंगारवाल्याने नेला म्हणतात, आता इलेक्ट्रिक बेल आहे, लाइट गेली की शिपाई ओरडतो.

जास्वंद

आंबा पडला वादळात. रुळाचं माहीत नाही, माहेरी गेले की बघते. शनिवारी लेकीचा इंटरव्ह्यू आहे, पालकांचापण घेतात म्हणे. नेतृत्वाबद्दल विचारलं तर काय सांगू, घंटा काढून घेतली होती?

राजगिरा

जरा विषयांतर. वसईकर आहेत म्हणून विचारते, नाताळला शेजारणीने फुगे (ते तळलेले गोड गोळे) दिले होते, तसे घरी करायचेत. ताडी कुठून आणू? यीस्टने होतात का?

सुकेळीवाला

होतात पण आईला सांगू नका मी हो म्हटलं ते. नारळाचं दूध मात्र घरचंच काढा. हिला विचारून प्रमाण टाकतो, ती आत्ता नोव्हेनाला (नऊ दिवसांची प्रार्थना) गेलीये.