मदत हवी आहे: सोल संगीतात पुढे काय ऐकावं? (कान रॉक-फोकचे आहेत)

मंडळी, साठ-सत्तरच्या दशकातले इंग्रजी रॉक आणि फोक (लोकसंगीताच्या वळणाचे) अल्बम बरीच वर्षं ऐकतोय. सोलकडे (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं, चर्चगीतं आणि ब्लूजमधून आलेलं गाणं) उशिरा वळलो आणि तिथे गाडी अडली आहे. जाणकारांनी वाट दाखवावी.

आवडनिवड आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी 'सगळंच ऐका' म्हणणार नाही. माझ्या लेखी सर्वात वर व्हॅन मॉरिसनचा 'ॲस्ट्रल वीक्स' (१९६८). त्यातला रिचर्ड डेव्हिसचा डबल बेस (उभं धरून वाजवायचं, खर्जातलं मोठं तंतुवाद्य) नुसता ठेका धरून बसत नाही. मुरलेला पेटीवाला गवयाची तान टिपत जातो तसा तो मॉरिसनच्या मागोमाग जातो आणि मध्येच पुढेही सरकतो. ड्रम्सवर मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा कॉनी के, अगदी हलक्या हाताचा. आवाज मोकळा आणि साथ मोजकी, मला हवंय ते हेच.

फेअरपोर्ट कन्व्हेन्शनच्या 'लीज अँड लीफ'मध्ये (१९६९) 'मॅटी ग्रोव्ह्ज'ची गोष्ट संपल्यावर स्वारब्रिकचं फिडल (व्हायोलिनच) आणि थॉम्पसनची गिटार जी जुंपते, तिच्यावर जीव आहे. निक ड्रेकचा 'पिंक मून' (१९७२) अर्ध्या तासाचाही नाही. गिटार, गळा आणि शीर्षकगीतात पियानोचे चार सूर, तरी कुठे काही कमी पडत नाही. त्याच्या आदल्या 'ब्रायटर लेटर'मधला वाद्यांचा डामडौल मला उगाच वाटतो. (आता काहीजण अंगावर येणार, ठाऊक आहे.)

मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) थोर आहे, जेम्स जेमर्सनच्या बेससाठी पुन्हा पुन्हा लावतो, पण व्हायोलिनचा ताफा सुरू झाला की माझं लक्ष उडतं. आयझॅक हेजच्या 'हॉट बटर्ड सोल'मध्ये (१९६९) चारच गाणी. एक अठरा मिनिटांहून लांब आणि त्यात बराच वेळ तो नुसता बोलतो. एकदा मजा आली. त्याआधीचे सोल अल्बम म्हणजे दोन-तीन गाजलेली गाणी आणि बाकी भरताड, असं माझं मत झालंय.

तर, चार-पाच वादकांत भागलेला, सलग ऐकावा असा सोल अल्बम कोणता? फोककडे झुकणारा असेल तर सोन्याहून पिवळं. निवडक गाण्यांचे संग्रह कृपया नकोत.

प्रतिसाद १: भरताड?! ओटिस रेडिंगचा 'ओटिस ब्लू' (१९६५) सलग ऐकलाय का? मेम्फिसला स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जवळजवळ सगळा एका दिवस-रात्रीत उरकलाय. क्रॉपरची गिटार, डक डनचा बेस, अल जॅक्सनचे ड्रम्स. ट्रम्पेट-सॅक्सोफोन आहेत, ते चालवून घ्या.

प्रतिसाद २: बिल विदर्स, 'जस्ट ॲज आय ॲम' (१९७१). निर्माता बुकर टी. जोन्स, आणि वरच्या प्रतिसादातले डन-जॅक्सन इथेही आहेत. मुखपृष्ठावर विदर्स जेवणाचा डबा घेऊन उभा आहे, कारण तेव्हा तो खरंच कारखान्यात कामाला होता. मधूनमधून व्हायोलिन येतात, पण गिटारच्या वर चढत नाहीत. आणि हो, 'ॲस्ट्रल वीक्स'मध्येही व्हायोलिन आहेत की! संयोजक लॅरी फॅलनने मागाहून चढवलेले. तिथे कसे चालतात हो?

प्रतिसाद ३: तुम्हाला टेरी कॅलियर हवाय. 'द न्यू फोक साउंड ऑफ टेरी कॅलियर', ध्वनिमुद्रण १९६४चं. शिकागोचा गायक, गिटार, गळा आणि दोन डबल बेस, बस्स. दोन बेसची कल्पना जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला ऐकून सुचलेली. गाणी बहुतेक पारंपरिक, पण गळा अस्सल सोलचा. त्याचा 'व्हॉट कलर इज लव्ह' (१९७२) मात्र इतक्यात लावू नका, तिथे संयोजक चार्ल्स स्टेपनीने अख्खा वाद्यवृंद बसवलाय.

धागाकर्ता: कॅलियर लावलाय, हेडफोनवर दोन्ही बेस वेगवेगळे कळताहेत. धन्यवाद! व्हायोलिनचा मुद्दा बिनतोड आहे, उत्तर शोधतो. 'ओटिस ब्लू'बद्दल एक पोटप्रश्न: मोनो (एकाच वाहिनीचा) घ्यावा की स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचा)? 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' दोन्हींत वेगळं गायलंय. तुम्ही कुठलं ऐकता?