मदत हवी आहे: उजनीतल्या १६ फुटी फायबर बोटीला हँडलच ठेवू की स्टिअरिंग बसवू?

पाणकावळा:
नमस्कार मंडळी. भिगवण ते पळसदेव पट्ट्यात चालवायला फायबरची बोट बांधायला दिली आहे. डेक टाकण्याआधी कारखान्याला सांगायचंय की कन्सोल (स्टिअरिंगचं चाक बसवायचा उभा खोका) बसवायचा की नाही, कारण आतली लाकडी पट्टी त्याप्रमाणे टाकावी लागते.

माप असं: लांबी १६ फूट, मधली रुंदी ५ फूट, मागच्या फळीची रुंदी साडेचार फूट, फळीची उंची १५ इंच. बूड सपाट, कडा काटकोनी. मशीन (मागच्या फळीवर टांगायचं इंजिन) घेऊन ठेवली आहे: २५ एचपी, शॉर्ट शाफ्ट (१५ इंची फळीला बसणारा आखूड दांडा), हँडलवाली (मशीनला जोडलेल्या दांड्यानेच वळवायची), दोरी ओढून सुरू होणारी.

काम मुख्यतः जाळ्याचं. दोन माणसं, एक मशीनवर आणि एक पुढे जाळं ओढायला. चिलापी, कटला, रोहू मिळून माल दीडशे किलोपर्यंत. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी गळवाले किंवा पक्षी बघणारे दोघे-तिघे न्यायचा विचार आहे.

कारखानदार म्हणतो मधोमध कन्सोल टाका, बोट भारी दिसते. दुसरा पर्याय उजव्या बाजूला छोटा कन्सोल. तिसरा म्हणजे आहे ते हँडल. काय करावं? कारणांसकट सांगा.

फळीवरचा:
मधला कन्सोल पहिल्यांदा यादीतून काढा. मधली रुंदी ५ फूट म्हणजे काठ आणि आतला उतार सोडून डेक जेमतेम चार फूट मिळणार. अगदी बारका कन्सोलही दोन फूट रुंद असतो. दोन्ही बाजूंना एकेक फुटाची गल्ली उरली, तर ओलं जाळं घेऊन त्यातून जाणार कोण? शिवाय जाळ्याची गाठ, बोया, शिसं सगळं कन्सोलच्या कोपऱ्याला आणि गिअरच्या दांड्याला अडकतं. मधला कन्सोल शोभतो तो रुंद बोटीत, जिथे चारही बाजूंनी फिरता येतं.

जाळ्याच्या बोटीला हँडल. यात मला तरी शंका नाही. कारणं तीन.

जाळ्याच्या कडेने बोट धरून ठेवताना क्षणाक्षणाला दिशा बदलावी लागते. हँडल एका बाजूला ढकललं की पंखाही लगेच वळतो. केबलच्या स्टिअरिंगला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाक तीन-चार वेढे फिरवावं लागतं, तोवर वाऱ्याने बोट जाळ्यावर गेलेली असते.

दुसरं, उजनीचं पाणी. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की जुने बांध, विहिरींची कठडी, झाडांचे बुंधे वर येतात किंवा वीतभर पाण्याखाली दबा धरून असतात. हँडलवाल्याचा हात मशीनपाशीच असतो, तो बसल्या जागी मशीन उचलतो. कन्सोलवरून हे करायला पॉवर टिल्ट (बटणावर मशीन उचलणारी सोय) लागतं, आणि दोरीवर सुरू होणाऱ्या मशीनला ते सहसा नसतं. जलपर्णी पंख्यात गेली तर तेच.

तिसरं, तुमची मशीन दोरीची आहे. कन्सोल बसवलात तरी सुरू करायला मागेच जावं लागणार. मग इलेक्ट्रिक स्टार्टचं किट, बॅटरी, वायरिंग, गिअरमध्ये असताना स्टार्ट होऊ नये म्हणून न्यूट्रल स्विच, रिमोट बॉक्स (कन्सोलवरचा गिअर-वेगाचा दांडा), गिअर आणि थ्रॉटलच्या (वेगाच्या) दोन केबली, स्टिअरिंगची तिसरी. काही हँडलवाल्या मशीनला केबल जाण्यासाठीची टिल्ट ट्यूब आरपार मोकळी नसते किंवा बाजूचा जोड बसवायला जागाच नसते. आधी ते तपासा, पैसे मागाहून.

लाटकरी:
थोडा विरोध नोंदवतो. फळीवरचा यांचं म्हणणं जाळ्यापुरतं बरोबर. पण उजनी हे तळं नाही. पश्चिमेचा वारा सुटला की लांब मोकळ्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. हँडलवाला मागे कोपऱ्यात, अंग वळवून बसलेला. नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर गेली की त्याला पुढचं काही दिसत नाही, आणि तास-दीड तासात पाठ बोलायला लागते. पाहुणे पुढे बसले की तर दिसणं आणखी कमी.

माणसं नेण्याचं काम निम्म्याहून जास्त असेल तर उजव्या बाजूचा कन्सोल घ्या. उजवीच का? नेहमीचा पंखा मागून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याच्या उलट धक्क्याने बोट डावीकडे कलते. चालवणाऱ्याचं वजन उजवीकडे असलं की तोल सावरतो. केबलही बहुतेक मशीनमध्ये टिल्ट ट्यूबच्या उजव्या टोकातून शिरते, त्यामुळे वळणं कमी पडतात. डावा काठ जाळ्याला मोकळा राहतो.

मिनेसोटाचा_मावळा:
इथे हजारो तळी आहेत आणि अजूनही कित्येक मुरलेले मासेमार मुद्दाम मोठी हँडलवाली मशीन घेतात. वॉलाय माशासाठी रिव्हर्समध्ये हळूहळू मागे सरकत गळ ओढतात, त्याला हँडलइतका ताबा कशानेच मिळत नाही. पण हे तुम्ही १५ इंचाच्या फळीवर करू नका. लाटेकडे पाठ करून रिव्हर्स मारला की पाणी सरळ फळीवरून आत येतं. इथल्या त्या बोटींना मागे उंच रबरी किंवा फायबरचे पडदे लावलेले असतात.

मूळ मुद्दा एचपीचा. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमात स्टिअरिंगच्या प्रकारावर एचपीची मर्यादा बदलते. बोटीची लांबी गुणिले मागच्या फळीची रुंदी, दोन्ही फुटांत. तुमचं १६ × ४.५ = ७२. रिमोट (चाकाचं) स्टिअरिंग आणि २० इंची फळी असेल तर दुप्पट करून ९० वजा: ५४, म्हणजे ५५ एचपीपर्यंत. यातली एक जरी गोष्ट नसेल आणि बूड सपाट, कडा काटकोनी असतील तर अर्धं करून १५ वजा: २१, वर पाचाच्या पटीत नेऊन २५.

म्हणजे तुमची मशीन हँडलवर अगदी काठावर बसते. भारतात हा नियम लागू नाही, पण त्यामागचं कारण पाणी कुठलंही असलं तरी तेच. सपाट बुडाची, काटकोनी कडेची बोट वेगात वळवली की आधी घसरते आणि मग कड एकदम पाण्यात रुतते. हँडलवाला नेमका तेव्हाच बाहेर फेकला जातो. आणि १५ इंची फळीवर चाक बसवलं म्हणून ४० एचपी लावायचा मोह झाला, तर तोही या हिशोबात बसत नाही. फळी २० इंचांची हवी, मग शाफ्टही लाँग.

पाणकावळा:
हे एचपीचं गणित कुणीच सांगितलं नव्हतं. जाळ्याचं काम ऐंशी टक्के, म्हणजे कल हँडलकडेच दिसतोय. पण लाटकरी म्हणतात ती नाळ वर जाण्याची अडचण खरी आहे. शेजारच्या बोटीला पाइपचा तुकडा खोचून लांब हँडल केलंय, तसं करू का? आणि हँडल सोडलं की बोट एका बाजूला ओढते, ते कशाने?

फळीवरचा:
आधी वजन. मशीन मॉडेलप्रमाणे ५०-६० किलो, माणूस ७०, २४ लिटरची भरलेली टाकी वीस किलोच्या पुढे. हे सगळं मागच्या चार फुटांत ठेवलं की नाळ वर जाणारच, त्याला स्टिअरिंगचा प्रकार काय करणार?

टाकी नाळेकडे न्या. मशीनच्या पाइपाच्या जाडीचाच इंधन पाइप घ्या, मधे जोड नको, प्रायमरचा फुगा (दाबून इंधन वर चढवायचा रबरी गोळा) मशीनकडच्या बाजूला आणि बाण मशीनकडे. पाइप काठाखालून क्लिपांनी बांधा, डेकवर मोकळा टाकला की जाळ्याच्या शिशाखाली चेपतो आणि मशीन वेग घेताना गुदमरते. मासळीचे क्रेट मधल्या पाटाच्या पुढे. एवढ्याने भागलं नाही तर मशीनची टिल्ट पिन एक भोक आत, फळीकडे घ्या. नाळ खाली बसते. दोन भोकं घेऊ नका, नाळ पाणी नांगरायला लागते आणि बोट उगाच वळते.

पाइपचा तुकडा नको. पीव्हीसी उन्हाने ठिसूळ होतो, नेमका वळणात तुटतो किंवा ग्रिपवरून गोल फिरतो, आणि थ्रॉटल तसाच उघडा राहतो. तयार एक्स्टेन्शन मिळतं, दीड ते दोन फुटांचं, ग्रिपला क्लॅम्पने आवळणारं. बसवल्यावर मशीन बंद ठेवून तीन गोष्टी बघा: दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टोक काठाला किंवा तुमच्या गुडघ्याला अडकत नाही ना, मशीन उचलल्यावर दांडा खाली आपटत नाही ना, आणि थ्रॉटल पूर्ण बंद होतो ना. यातलं एक जरी चुकलं तर दांडा आखूड करा.

रॅचेट:
ओढण्याबद्दल. मशीनच्या स्विव्हल ब्रॅकेटवर (मशीन डावी-उजवी जिथे वळते त्या भागावर) स्टिअरिंगचा घर्षण-स्क्रू असतो. तो इतकाच आवळा की हँडल एका हाताने सहज फिरेल, पण सोडल्यावर आपोआप पळणार नाही. पूर्ण आवळून कुलूप करायचा नसतो, अचानक ओंडका दिसला तर वळणार कसे? ग्रिपवरचा थ्रॉटलचा स्क्रू मात्र ढिलाच ठेवा. तो आवळला की माणूस पडला तरी मशीन त्याच वेगाने चालू राहते, हँडल एका बाजूला जातं आणि बोट गोल फिरून पडलेल्यावरच येते.

उरलेली ओढ ट्रिम टॅबने काढा. पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीखाली लहान पातं असतं, ते. नेहमीच्या वजनावर, नेहमीच्या वेगावर बघा. बोट उजवीकडे जात असेल तर पात्याचं मागचं टोक मागून बघताना थोडं उजवीकडे, डावीकडे जात असेल तर डावीकडे. पाच-सात अंश फिरवून परत चालवून बघा. काही लहान मशीनना हे पातं नसून नुसता झिंकचा तुकडा असतो, तो फिरवून काही होत नाही. पात्यालाही रंग देऊ नका, ते गंजापासून बचाव करतं.

किल स्विचची (ओढली गेली की मशीन बंद करणारी) दोरी मांडीला किंवा जॅकेटच्या कडीला. मनगटाला लावली तर एक्स्टेन्शन वापरताना ताणून सारखी सुटते, मग लोक ती मशीनलाच गुंडाळून ठेवतात. पुरत नसेल तर लांब दोरी विकत घ्या, सुतळीचा जोड देऊ नका.

मिनेसोटाचा_मावळा:
याला दुजोरा. इथे अमेरिकेत केंद्राच्या अखत्यारीतल्या जलमार्गांवर १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींवर वेगात असताना ही दोरी जोडणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

लाटकरी:
माणसं नेणार असाल तर जॅकेट प्रत्येकाच्या अंगात, पाटाखाली नाही. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी मार्गावर वळवाच्या वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, त्याच पाण्यात तुम्ही चालवणार आहात. नोंदणी आणि प्रवासी परवान्याची चौकशीही आधीच करा.

पाणकावळा:
ठरलं, हँडल आणि तयार एक्स्टेन्शन. पण पुढे कधी उजवा कन्सोल टाकायचा झाला तर आत्ता कारखान्याकडून काय करून घेऊ?

फळीवरचा:
तीन कामं. उजव्या बाजूला मधल्या पाटाच्या मागे डेकखाली १८ मिलीचा मरीन प्लाय दोन बाय दीड फूट, फायबरमध्ये पूर्ण गाडलेला. त्याची जागा काठापासून मोजून फोटो काढून ठेवा, नाहीतर पुढे बोल्ट पोकळीत जातील. उजव्या काठाखालून मागपर्यंत दोन इंची नळी, तिची वळणं मोठी ठेवा. स्टिअरिंगची केबल आठ इंचांपेक्षा कमी त्रिज्येत वळवली की आत घासते आणि चाक जड होतं. आणि मागच्या फळीच्या उजव्या कोपऱ्यात पेटी किंवा कप्पा नको, टिल्ट ट्यूबमधून निघालेल्या केबलला सरळ बाहेर यायला मोकळी जागा लागते.

केबल घेताना अंदाजाने लांबी सांगू नका. जाड दोरी प्रत्यक्ष त्या वाटेने, तीच वळणं देऊन टाका, मोजा आणि पुढच्या पूर्ण फुटाची केबल घ्या. फुटभर जास्त चालते, चार इंच कमी चालत नाही.

रॅचेट:
तेव्हा टिल्ट ट्यूबला ग्रीस भरायची वेळ आली तर केबलचा दांडा पूर्ण आत घेऊनच भरा. बाहेर असताना भरलं की ग्रीस दांड्याच्या मागे कोंडून स्टिअरिंग अडकतं, आणि मग ती केबल सोडवायला मशीन फळीवरून उतरवावी लागते.