[मंडळ] स्कॉटलंड ट्रिप: संडासात निळं घालायचं की हिरवं?

प्रेषक: वहिनी, लीड्स

मंडळी, नमस्कार.

मेअखेरच्या ट्रिपची बुकिंगं झाली. तीन मोटरहोम (राहायच्या गाड्या), अकरा माणसं. इन्व्हरनेसहून निघून वरच्या किनाऱ्याने डरनेस, तिथून उल्लापूल आणि परत. जेवणाची यादी वेगळ्या मेलने पाठवते. आज जरा नाजूक विषय आहे.

चारपैकी दोन कॅम्पसाइटवाल्यांचं उत्तर आलंय की त्यांच्याकडे गावाची ड्रेनेज लाइन नाही, स्वतःचा सेप्टिक टँक आहे. कॅसेटमध्ये, म्हणजे गाडीतल्या संडासाखालच्या काढत्या डब्यात, फक्त 'हिरवं' केमिकल असेल तरच एल्सन पॉइंटवर (मैला ओतायच्या जागी) ओतू देणार. आमच्याकडे गेल्या वर्षीची निळी बाटली अर्धी पडून आहे. काल दुकानात गेले तर बाटल्या, पुड्या, गोळ्या मिळून आठ प्रकार, आणि प्रत्येकावर झाडाचं पान छापलेलं! निळ्या बाटलीवरसुद्धा पान आहे. मग हिरवं म्हणजे नक्की काय? रंग बघायचा की अजून काही? कुणी शहाण्याने सांगा.


प्रेषक: दादा, मँचेस्टर

वहिनी, पैसे कशाला घालवताय? आम्ही पाच वर्षं कपडे धुवायचं साधं बायो लिक्विड वापरतोय. कॅसेटमध्ये दोन लिटर पाणी, त्यात एक झाकण लिक्विड. कागद विरघळतो, वास नाही, साइटवाल्याची कटकट नाही. ब्लेडच्या, म्हणजे कॅसेटच्या तोंडावरच्या सरकत्या झडपेच्या, रबरी सीलला महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. बास.


प्रेषक: मावशी, यॉर्क

हा मेल उघडला तेव्हा माझ्या ताटात वांग्याचं भरीत होतं. असो. सुरू केलंच आहे तर नीट तडीला न्या. अप्पांना विचारा, त्यांचा जन्म केमिकलमध्ये गेलाय.


प्रेषक: अप्पा, स्टर्लिंग

सूनबाई,

मावशींनी ओढलंच आहे तर सविस्तर लिहितो. भरीत संपवून वाचा.

आधी वासाचं. कॅसेटमध्ये हवा फारशी नसते. तिथले जिवाणू ऑक्सिजन नाही म्हणून सल्फेटवर भागवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, तो डोळ्यांत जातो. यावर जुना उपाय एकच होता, सगळ्यांना मारून टाका. निळ्या बाटलीत पूर्वी फॉर्माल्डिहाइड असायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक ठेवलेला असायचा ना, तेच पाणी. काम चोख करतं यात वाद नाही. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि कॅसेट रिकामी केल्यावरही ते आपलं काम करतच राहतं.

खरी गोम इथे आहे. आपण बघतो आपल्या डब्यात वास येतो का एवढंच. साइटवाला बघतो त्याची टाकी जगते का. सेप्टिक टँक म्हणजे नुसतं साठवायचं भांडं नव्हे, तिच्यात जिवाणूंचा संसार चालू असतो. आपली कॅसेट साधारण १८ लिटरची. बँक हॉलिडेला दहा गाड्यांनी येऊन ओतलं की बेडकाचं पाणी मिसळलेला १८० लिटर मैला त्या संसारात. जिवाणू मेले की मैला पचत नाही, गाळ साचतो, शोषचरात (टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या चरात) कच्ची घाण जाते आणि शेवटी टँकर बोलवावा लागतो. मोठ्या शहराच्या सांडपाणी केंद्रात तेवढंच केमिकल गेलं तर पातळ होऊन जिरतं. डरनेससारख्या ठिकाणी ते कुठे जिरणार?

हे आपल्याला नवीन वाटायला नको. देहूला डॉ. मापुसकर होते. दवाखान्यात आलेला डॉक्टर, पण गावाचा आजार उघड्यावरच्या घाणीत आहे हे ओळखून गावात संडास बांधत सुटला. पुढे मैल्यावर चालणारे गॅस प्लँट बसवले, 'मलप्रभा' नावाचे. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. गॅस तयार करणारे जिवाणू सगळ्यांत नाजूक. त्या प्लँटवर चहा उकळणाऱ्या घरात संडासात फिनेल ओतायची हिंमत कुणी करेल का? दुसऱ्या दिवशी शेगडीच सांगेल. इथे आपल्यासमोर शेगडी नाही, म्हणून आपला हात सैल सुटतो.

आता बाटलीचं. रंगावर जाऊ नका. रंग नुसता घातलेला असतो, आणि पान काढायला कुणाची परवानगी लागत नाही. 'फॉर्माल्डिहाइड-मुक्त' एवढ्यावरही भाळू नका, त्याच्या जागी त्याचेच भाऊबंद असतात. बाटली उलटी करून वाचा. ग्लुटाराल्डिहाइड, ब्रोनोपॉल, बेन्झाल्कोनियम क्लोराइड यातलं काही दिसलं तर ठेवून द्या, हे सगळे मारणारेच. ब्रोनोपॉल तर विघटन होताना थोडं फॉर्माल्डिहाइडच सोडतं, म्हणजे पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने आत. मेलेला मासा आणि वाळकं झाड असं पर्यावरणाला धोक्याचं चित्र असेल तर विषय संपला. 'बायोडिग्रेडेबल' म्हणजे ते स्वतः कधीतरी विघटित होईल. तोवर टाकीतल्यांना जगू देईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

सेप्टिक टँकला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असावं. जर्मनीची 'ब्लू एंजल' खूण (१९७८ पासूनची) असेल तर उत्तम, कॅम्पिंगच्या संडासातल्या द्रवांसाठी त्यांचे वेगळे निकष आहेत. गंमत बघा, हिरवेपणाची खूण आणि नाव निळं.

चालणाऱ्या प्रकारांत मला नायट्रेटवाले आवडतात. त्यात कुणाला मारायचं नसतं, जिवाणूंना सल्फेटऐवजी दुसरं खाणं वाढायचं. नायट्रेट मिळालं की ते सल्फेटकडे वळत नाहीत, आणि अंड्याचा वास मुळातच होत नाही. एन्झाइम आणि जिवाणूवाल्या पुड्या निरुपद्रवी आहेत, पण त्यांना वेळ लागतो. आपण दोन दिवसांत कॅसेट रिकामी करणार, तेवढ्यात त्यांची नुसती ओळखपरेड होते. त्यासाठी जास्त पैसे मोजायचे का ते तुम्ही ठरवा.

दादाचं बायो लिक्विड अर्धं बरोबर आहे. त्यातली एन्झाइम आणि साबण घाण मोकळी करतात, आणि झाकणभराने टाकीचं काही बिघडत नाही. पण वास थांबवणारं त्यात काही नाही. मेमधल्या हायलँड्सच्या थंडीत चालून जाईल. ऑगस्टात स्पेनला नेलंत तर तिसऱ्या दिवशी गाडी विकायला काढाल. आणि झाकण म्हणजे एकच झाकण हं, नाहीतर फेस ब्लेडवर येतो.

काहीच न घालता चालवायचं असेल तर कॅसेटला १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवतात. ब्लेड उघडलं की तो सुरू होऊन वास कोळशाच्या फिल्टरमधून बाहेर ओढतो. आमच्या गाडीत आहे. पण तुमच्या गाड्या भाड्याच्या, तेव्हा तो विषय सोडा.

खोबरेलाबद्दल दादाशी स्वतंत्र बोलतो.

अप्पा

ता. क. एल्सन हे १९२४ सालच्या कंपनीचं नाव. आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचे, तसं इथे मैला ओतायच्या कुठल्याही जागेला एल्सन.


प्रेषक: वहिनी, लीड्स

अप्पा, चष्मा लावून बाटली वाचली. निळीवर पान आहे, 'फॉर्माल्डिहाइड-मुक्त' आहे आणि मागे मुंगीच्या अक्षरात ब्रोनोपॉल! आता तुमच्यापुढे खरं सांगते. दोन वर्षांपूर्वी डेल्समधल्या एका शेतावर उतरलो होतो. वास नको म्हणून मी मापाच्या दुप्पट ओतायचे, जास्त घातलं की जास्त चांगलं, आमटीत हिंग घालावा तसं. निघताना शेतकरी टाकीचं झाकण उघडून काठीने काहीतरी ढवळत उभा होता. मी त्याला हसून हात केला. आता आठवलं की लाज वाटते.

उरलेली अर्धी बाटली मोरीत ओतून टाकू का?


प्रेषक: अप्पा, स्टर्लिंग

मोरीत नको, सूनबाई. काउन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रात घातक केमिकल घेतात का ते फोन करून विचार आणि तिथे दे. आणि साइटवाल्याने नाही म्हटलं म्हणून वाटेतल्या सार्वजनिक संडासातही कॅसेट रिकामी करायची नाही. तिकडच्या बऱ्याच संडासांच्या मागे तसलीच टाकी असते.


प्रेषक: दादा, मँचेस्टर

अप्पांचा फोन येऊन गेला. अर्धा तास. सगळ्यांसाठी थोडक्यात:

खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. हे मला माहीत होतं, डोक्याची बाटली हिवाळ्यात रेडिएटरवर ठेवतो. पण सीलवरचं खोबरेलही गोठेल हे डोक्यात आलं नाही. गेल्या ईस्टरला लेक डिस्ट्रिक्टमध्ये आमचं हँडल फिरेना, ब्लेड अर्ध्यात अडकलं आणि रात्रभर वास. मी केमिकलला शिव्या घालत होतो. आता कॅसेट काढून बघितली तर सीलच्या खाचेत पांढरा थर, नारळाच्या वडीच्या ताटाच्या कडेला राहतो तसा, आणि त्याच्यात कागदाचे बारीक तुकडे. आमच्या माहितीपुस्तिकेतही लिहिलंय म्हणे, ऑलिव्हखेरीज दुसरं खाद्यतेल नको. पाच वर्षांत पुस्तिका उघडली नव्हती.

अजून एक, अप्पांनीच सांगितलं. ओतताना हवेचं बटण अंगठ्याने दाबून धरायचं. नाहीतर कॅसेट गटागटा करते आणि बुटावर येतं. हे मला पाच वर्षं बुटावर घेऊन कळलं नव्हतं.


प्रेषक: वहिनी, लीड्स

मंडळी, पक्कं झालं. नायट्रेटवाल्या, सेप्टिक टँकला चालणाऱ्या दोन बाटल्या मागवल्या, तीन गाड्यांत वाटून घेऊ. माप बाटलीवरचंच, हिंगासारखं नाही. दर दोन दिवसांनी रिकामी करायची, भरली की वीस किलोला जाते म्हणून उचलायला दोघं. सीलसाठी सिलिकॉनची एक छोटी ट्यूब. पाळ्यांची यादी सोबत जोडली आहे, पहिली पाळी दादांची.


प्रेषक: मावशी, यॉर्क

दादा, ते खोबरेल टाकू नकोस. बाटलीत बोट घातलं नसशील तर मला दे.